अकरा मिनिटांचं तेज

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाजवळ एकेक बॅटरी होती. कोणाची स्कूटरची, कोणाची दुकानातल्या दिव्याची. एका आजोबांनी कानातल्या यंत्राची एवढीशी बॅटरी काड्यापेटीत कापूस घालून आणली होती. एक टॅक्सीवाला आपली बॅटरी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून उभा होता आणि पुढच्याला सांगत होता, "मेकॅनिकने फेकून द्यायला सांगितली होती. गेल्या आठवड्यात बाबांनी हात लावला, एका झटक्यात गाडी सुरू!"

"मग आज परत का आणलीत?" मी विचारलं.

"परत रुसली," तो म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्याने.

हा 'रुसली' शब्द बाबांचा. समोर मखमली सोफ्यावर ते बसले होते. सोफा त्या दुकानातलाच उरलेला, पायाला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. अंगात पायघोळ झगा, बाह्या इतक्या लांब की बोटंसुद्धा दिसत नव्हती. त्या बाह्यांतून दोन पितळी साखळ्या बाहेर आल्या होत्या आणि साखळ्यांच्या टोकांना चिमटे होते. लोक त्यांना तेजबाबा म्हणत. मी मनातल्या मनात बॅटरीबाबा म्हणत होतो.

"बॅटरी मरत नसते, बाळांनो!" बाबा माइकवर म्हणाले. "ती रुसते! तुम्ही तिला कारखान्यातल्या डबड्याला जोडता, रात्रभर कोपऱ्यात टाकता. कोण नाही रुसणार? तुमचे शिकलेले लोक बॅटरी भरायला दहा तास घेतात. मी अकरा मिनिटं घेतो. उरलेले नऊ तास एकोणपन्नास मिनिटं ते काय करत होते, विचारा त्यांना!"

हशा पिकला. बाजूला उभा असलेला शिष्य माइक हातात घेऊन म्हणाला, "विज्ञानाची वायर जिथे संपते, तिथे बाबांचा हात सुरू होतो!" टाळ्या पडल्या. मला हसू आलं, पण शेजारी वहिनी उभी होती, म्हणून ते गिळलं.

तिनेच मला आणलं होतं. "भाऊजी, एकदा चला. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मग काय हसायचं ते हसा," असं म्हणून. तिच्या हातातल्या कापडी पिशवीत दादाची बॅटरी होती. दादाची म्हणजे दादाच्या श्वासाची.

आमचा नंबर आला. शिष्याने बॅटरी टेबलावर ठेवली, साखळ्यांचे चिमटे तिला लावले, शेजारी एक मोठं मीटर उभं केलं. मीटरवर लाल पट्टा, पिवळा पट्टा, हिरवा पट्टा. बाबांनी डोळे मिटले. लोक एका सुरात "तेज दे, तेज दे" म्हणू लागले. तीन मिनिटांत काटा पिवळ्यात, सहा मिनिटांत हिरव्यात. अकराव्या मिनिटाला बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ने, माउली. आता हिला काही होणार नाही."

वहिनीने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं. "बघितलंत?"

मी तंत्रशाळेत शिक्षक आहे. बॅटऱ्या आणि चार्जर हाच माझा विषय. मीटरचा काटा व्होल्टेज दाखवतो, आत किती साठलं आहे ते दाखवत नाही, हे मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या अंगात करंट मुरत नाही, त्यामुळे तिचा काटा लगेच वर चढतो. मरायला टेकलेली बॅटरी सगळ्यांत लवकर भरलेली दिसते. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं, आणि तरी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून मी काय बोललो? "हं. बघूया."

एवढंच बोललो. त्या दोन शब्दांचा मला आजही राग येतो.

दादा गाड्यांना रंग मारायचा. पंचवीस वर्षं रंगाची बंदूक हातात, आणि तोंडाला बांधायचा रुमाल बहुतेक वेळा खिशात. "रुमाल बांधला की वास कळत नाही आणि वास कळला नाही तर रंग पातळ झाला की जाड ते कळत नाही," असं त्याचं शास्त्र. त्या शास्त्राने त्याची फुप्फुसं खाल्ली. शेवटची दोन वर्षं दादा नाकावर मास्क लावून खिडकीजवळच्या पलंगावर असायचा आणि शेजारच्या स्टुलावरचं यंत्र त्याच्या छातीत हवा ढकलायचं. वीज असेल तेव्हा यंत्र विजेवर, वीज गेली की बॅटरीवर. आमच्या भागात वीज जायला निमित्त लागत नाही.

बाजारातला चार्जर दोनदा जळला तेव्हा मी म्हटलं, मीच करतो. दादाला बसल्या बसल्या तेवढाच विरंगुळा. मी पलंगाच्या कडेवर सोल्डरिंग करायचो आणि तो मास्क बाजूला करून प्रश्न विचारायचा.

"बाजारातल्यात आणि तुझ्यात फरक काय, मास्तर?" मला तो मास्तरच म्हणायचा, चिडवायला.

"बाजारातला सुरुवातीला भसाभसा करंट देतो आणि नंतर हळूहळू कमी करत जातो. मग किती तासांत किती भरलं, काही पत्ता लागत नाही. माझा कायम एकच करंट देणार. बॅटरी रिकामी असो, अर्धी असो, दोन अँपिअर म्हणजे दोन अँपिअर. हा छोटा रेझिस्टर सतत करंट मोजतो. जरा कमी झाला की आतलं सर्किट जोर वाढवतं, जास्त झाला की आवरतं. पूर्ण भरली की आपोआप बंद."

दादाने डोळे बारीक केले. "रंगाच्या बंदुकीचं तसंच आहे. दाब खालीवर झाला की पत्र्यावर ओघळ येतात. हात सारखा आणि धार सारखी, तरच काम." मग जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाला, "म्हणजे धार माहीत असली की नुसतं घड्याळ बघून कळेल, किती भरलं ते?"

"अगदी तेच. दोनची धार दहा तास, की वीस भरले. बॅटरी वीसचीच आहे. यंत्र साधारण तीनच्या धारेने खातं. म्हणजे सहा-साडेसहा तास."

"मग तुझ्या वहिनीला मीटरचा काटा बघायला नको. घड्याळ तिला येतं." आणि तो हसला, आणि हसल्यामुळे खोकला.

पहिलं सर्किट पेटलं. दुसऱ्यात रेझिस्टर चुकला आणि बॅटरी तापली. तिसरं चाललं. डबा दादाने स्वतः रंगवला. कोणाच्या तरी जुन्या गाडीचा पिस्ता रंग उरला होता, तो त्याने ब्रशने मारला, कारण बंदूक आता झेपत नव्हती. "ब्रशने मारल्याची लाज वाटते रे," म्हणाला. मला त्यात एकही ओघळ दिसला नाही.

तर असा तो चार्जर. दहा तास घेणारा. आणि वहिनीला ते दहा तासच खुपत होते. ती कपड्यांच्या लाँड्रीत इस्त्री करायची, सकाळी आठला जायची. रात्रीतून दोनदा वीज गेली की सकाळी बॅटरी अर्धवट भरलेली असायची आणि ती दिवसभर इस्त्री हातात धरून घड्याळाकडे बघत राहायची. शिवाय बॅटरी दोन वर्षांची झालेली. मी तपासली होती. वीसची बॅटरी आता जेमतेम सात-आठ धरत होती. "नवी मागवली आहे, पुढच्या शनिवारी येईल," असं मी सांगितलं होतं. तोवर हीच नीट चार्जरवर लावून ठेवली तरी दोन तास सहज निभावलं असतं. पण वहिनीच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणाऱ्या बाईने तिला तेजबाबांचं नाव सांगितलं. माणूस बुडत असताना दोरी कोणी फेकली याची चौकशी करत नाही.

त्या सकाळनंतर चार दिवसांनी मी दादाकडे गेलो. वहिनी कामावर होती. फळीवर जिथे पिस्ता डबा असायचा तिथे नुसती धुळीची चौकट होती.

"डबा कुठे आहे?"

दादाने मास्क जरा सरकवला. "बाबांकडे. त्या दिवशी संध्याकाळीच ती देऊन आली. घरात चार्जर असला की तेज टिकत नाही म्हणे. ज्याच्या घरी चार्जर, त्याच्या मनात शंका. सगळ्यांनी आपापले डबे नेऊन दिलेत."

"आणि तू देऊ दिलास?"

"ओरडू नकोस. दोन वर्षांत पहिल्यांदा ती रात्री झोपली, मास्तर. मला तिचं घोरणं ऐकू आलं. बरं वाटलं." मग पुन्हा मास्क लावून, दोन श्वास घेऊन म्हणाला, "शनिवारी नवी येतेय ना? तोवर काय, दोन-तीन दिवसांचा प्रश्न. राहू दे. तिला काही बोलू नकोस."

मी नाही बोललो. शाळेतला जुना चार्जर संध्याकाळी आणून लावू, असं ठरवलं. संध्याकाळी परीक्षेच्या कामात अडकलो. दुसऱ्या दिवशी आणू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीने आधी कळवून अकरा ते दोन वीज बंद ठेवली, तारा बदलायच्या होत्या म्हणून. वहिनीने कामावरून अर्धी सुट्टी घेतली आणि सकाळी नऊला बॅटरी घेऊन बाबांकडे गेली. अकरा मिनिटं. काटा हिरव्यात. साडेदहाला ती घरी होती. अकराला वीज गेली, यंत्र बॅटरीवर चालू झालं. अकरा वाजून सात मिनिटांनी यंत्राने शिट्टी दिली आणि ते थांबलं.

वहिनीने पुढे काय केलं, ते तिने मला नंतर सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने बॅटरी उचलली, कपाळाला लावली, आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे "तेज दे, तेज दे" म्हणायला लागली. रुसलेल्या बॅटरीला अकरा मिनिटं द्यावी लागतात, असं बाबांनी सांगितलं होतं. तिने घड्याळ लावून पूर्ण अकरा मिनिटं दिली. दादा हाताने खूण करत होता. तिला वाटलं, तोही प्रार्थना करतो आहे. मग तिने दवाखान्याला फोन केला.

मी त्या वेळी फळ्यावर चार्जरचं सर्किट काढत होतो. शिपाई दारात आला आणि त्याचं तोंड बघूनच मी सर्किट अर्धवट सोडून बाहेर पडलो.

शनिवारी नवी बॅटरी आली. मी सही करून घेतली.

दादा गेल्यावर महिनाभर वहिनी कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस ती शाळेत आली, प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, रविवारी मला तिथे उभं राहून सांगायचंय."

"कुठे? काय सांगायचंय?"

"बाबांकडे, सगळ्यांसमोर. माझ्या मनात शंका होती, म्हणून यांचं तेज गेलं. बाबा म्हणतात, असं कबूल केलं की मन हलकं होतं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शंका होतीच हो माझ्या मनात. रोज सकाळी वाटायचं, पुरेल की नाही, पुरेल की नाही. तेवढ्यानेच झालं असेल ना?"

ही बाई दोन वर्षं ज्या काळजीने जागी राहिली, त्या काळजीलाच त्या माणसाने तिचा गुन्हा ठरवलं होतं. बॅटरी टिकली तर बाबांचं तेज आणि संपली तर भक्ताची शंका! अशा खेळात तो कधी हरणारच नाही.

ती गेल्यावर मी एक कागद घेतला. सात मिनिटं, हा आकडा महिनाभर डोक्यात घण घालत होता. यंत्र तीनच्या धारेने खातं. मी साधा गुणाकार केला, मग साधा भागाकार केला, आणि जे उत्तर आलं त्याकडे किती तरी वेळ बघत बसलो. मला ते उत्तर ओळखीचं होतं.

आणि तिथे माझी खरी पंचाईत झाली. बाबाला उघडं पाडायचं, तर वहिनीला कळणार होतं की ती रिकामी बॅटरी काटा हिरव्यात बघून घरी घेऊन आली आणि वर अकरा मिनिटं हात जोडून बसली. नाही पाडायचं, तर ती जन्मभर स्वतःच्या मनालाच खुनी समजणार. दोन्हीकडे तिचंच काळीज जळणार होतं. रविवारपर्यंत मी हेच उलटसुलट करत होतो. शेवटी एवढंच पटलं की मनातल्या शंकेवर औषध नाही, पण फसवणुकीवर आहे. ती दुसऱ्याने केलेली असते आणि ती दाखवता येते. शिवाय त्या रांगेत आणखी कोणाच्या तरी श्वासाची बॅटरी असेलच.

रविवारी मी दादाची तीच बॅटरी पिशवीत घातली. ती महिनाभर तशीच पडून होती. सोबत गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब, दोन वायरी आणि भिंतीवरचं एक घड्याळ.

वहिनी बाबांच्या सोफ्याशेजारी उभी होती. शिष्याने तिच्या हातात माइक दिला होता. "बोला, माउली. लाजू नका."

"माझ्या मनात..." तिने सुरुवात केली.

"थांब, वहिनी," मी मागून म्हणालो आणि पुढे गेलो. "बाबा, आधी ही बॅटरी भरून द्या. माझ्या मनात अजिबात शंका नाही. मला सगळं माहीत आहे."

लोक हसले. बाबाही हसले. भर सभेत नाही कसं म्हणणार? चिमटे लागले, जप सुरू झाला, काटा चढला. वहिनीने बॅटरी ओळखली. तिच्या कोपऱ्याला पिस्ता रंगाचा एक ठिपका होता, दादाच्या ब्रशचा. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती हलली नाही.

अकरा मिनिटं झाली. काटा हिरव्यात. चिमटे निघाले.

"हिच्यावर हा बल्ब किती वेळ चालेल, बाबा?" मी विचारलं.

"तुझी श्रद्धा असेल तर रात्रभर!"

"माझं म्हणणं, पाच मिनिटांच्या आत विझेल." मी घड्याळ टेबलावर उभं केलं. "ज्याला जे पटेल त्याने ते धरावं. घड्याळ सगळ्यांचं आहे."

बल्ब लागला, पांढराशुभ्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला टाळ्या थांबल्या, कारण उजेड पिवळा झाला होता. काड्यापेटीवाले आजोबा पुढे येऊन वाकून बघू लागले. चौथ्या मिनिटाला नुसती तांबडी तार दिसत होती. मग तीही गेली.

"चार मिनिटं चाळीस सेकंद," टॅक्सीवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"तुझी दृष्ट लागली!" शिष्य ओरडला.

"दृष्टीने बल्ब विझत असता तर मी विजेचा शिक्षक कशाला झालो असतो? घरीच बसून बघितलं असतं," मी म्हणालो. "मी भविष्य सांगितलं नाही, भागाकार केला. तुमच्या अंगातून अकरा मिनिटं दोन अँपिअरची धार येते. कमी नाही, जास्त नाही. कुठल्याही बॅटरीला दोनच. आणि हा बल्ब पावणेपाचच्या धारेने खातो. अशी मोजूनमापून धार देणारं तेज मला एकच माहीत आहे. ते त्या सोफ्याखाली आहे."

शिष्य सोफ्यापुढे आडवा झाला. पण वहिनी सोफ्याच्या अगदी शेजारी उभी होती. ती खाली वाकली, मखमल वर केली, आत हात घातला. बाबा पाय आखडून घेत म्हणाले, "माउली, तिथे हात लावू नको, भस्म होशील!" तिने पिस्ता रंगाचा डबा बाहेर ओढला. त्याच्यातून निघालेल्या दोन वायरी बाबांच्या झग्यात शिरल्या होत्या, त्या ताणल्या गेल्या आणि बाबांचे दोन्ही हात बाह्यांसकट पुढे आले. डब्याची मागची वायर भिंतीतल्या प्लगला जोडलेली होती.

वहिनीने डबा पोटाशी धरला. माइक अजून तिच्या हातातच होता.

"गरम आहे," ती म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू आलं.

बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "तो... ते माध्यम आहे! तेज माझंच, डबा फक्त निमित्त!"

"मग डबा काढून करा," काड्यापेटीवाले आजोबा म्हणाले. त्यांना ऐकू येत नव्हतं, बहुतेक ओठ वाचले असावेत. त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात आतल्या खोलीचं दार उघडलं गेलं आणि आत लोकांनी दिलेल्या चार्जरचे ढीग सापडले. त्यांतले निम्मे जळलेले होते. मेलेल्या बॅटऱ्यांना जोडून जोडून ते जळत गेले असणार. माझा जळत नव्हता, कारण बॅटरी कसलीही असो, तो आपल्या धारेपलीकडे जात नाही. आम्ही दोघा भावांनी तो तसाच केला होता. इतका चांगला केला होता की भोंदूच्याही कामी आला.

बाबा मागच्या जिन्याने कधी गेले ते कळलंही नाही. लोक आपापले डबे शोधत होते. वहिनी जिन्याच्या पायरीवर बसली होती, डबा मांडीवर घेऊन.

"भाऊजी, अकरा मिनिटं दोनने भरलं. म्हणजे बावीस?"

"हो."

"यंत्र तीनने खातं. तुम्ही यांना सांगत होतात तेव्हा मी ऐकलं होतं." तिने बोटांवर मोजलं. "बावीस भागिले तीन. सात."

"सात," मी म्हणालो.

"म्हणजे ती शंका नव्हती."

"नाही. नुसतं गणित होतं."

वरून डबे आपटल्याचे, भांडणाचे आवाज येत होते. मग तिने मला ज्याची भीती होती तोच प्रश्न विचारला.

"तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्याबरोबर होतात. तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "कळलं होतं."

"आणि यांना?"

"दादाला पण. तो म्हणाला, तिला काही बोलू नकोस. तुला झोप लागत होती म्हणून."

वहिनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सांगायचं होतंत. मी भांडले असते. तुम्हाला वाट्टेल ते बोलले असते. दोन दिवस जेवले नसते. पण तिसऱ्या दिवशी जाऊन हा डबा परत आणला असता." मग डबा उचलून ती पायऱ्या उतरून गेली. मी तिच्या मागून गेलो नाही.

ती अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. बोलेल की नाही, माहीत नाही.

हे सगळं मी लिहिलं ते त्या बाबासाठी नाही. तो दुसऱ्या गावात दुसऱ्या सोफ्यावर बसला असेल आणि त्याला वाचायची गरज नाही. लिहिलं ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना खरं माहीत असतं आणि जे घरातल्या माणसाचं मन मोडू नये म्हणून गप्प बसतात. कोणी चमत्कार दाखवला तर काटा किती वर गेला ते बघू नका, किती वेळ टिकतं ते बघा. यश आलं तर त्याचं आणि अपयश आलं तर तुमचं, असं जिथे असेल तिथून उठून या. आणि तुमचं माणूस तिथे जात असेल तर त्याच दिवशी, त्याच जिन्यावर त्याला अडवा. ते चिडेल, रडेल, अबोला धरेल. धरू द्या. अबोला धरायलासुद्धा माणूस घरात लागतं.